दोन-तीन वर्षांच्या पोरांना टीव्ही: किती, कधी आणि बंद कसा करायचा

हे लिहितीये ते ज्यांच्या घरात नुकतंच कोणीतरी रिमोट ओळखायला लागलंय त्यांच्यासाठी. म्हणजे वय साधारण दीड ते चार. त्याहून मोठी पोरं असतील तर तुमची भांडणं वेगळी आहेत, ती इथे नाहीत.

आधीच सांगते, टीव्ही विकून टाका म्हणणाऱ्यातली मी नाही, आणि "आम्ही पण बघायचो की, काय झालं आम्हाला" म्हणणाऱ्यातली पण नाही. आम्ही बघायचो ते सिंहगडावरच्या टॉवरवरून येणारं दूरदर्शन, त्यात मुलांचं असं काहीतरी थोडा वेळ लागायचं, मग ते संपायचं आणि बातम्या नाहीतर शेतीचं काहीतरी सुरू झालं की आपणच कंटाळून खाली खेळायला पळायचो. आता ते संपतच नाही, एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं. म्हणजे संपवायचं काम पूर्वी टीव्ही स्वतःच करायचा, ते आता आईबापाच्या गळ्यात आलंय. म्हणून माझं म्हणणं एवढंच की नुसती मिनिटं मोजत बसण्यापेक्षा टीव्हीला दिवसातली एक ठरलेली जागा द्या, आणि रडणं थांबवायला किंवा घास भरवायला तो लावू नका. हे दोन जमले की मिनिटं बरीचशी आपोआप आटोक्यात येतात.

आधी वय बघा

दोन वर्षांच्या आत टीव्ही नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, म्हणजे आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, हेच सांगते, घरच्यांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. दोन ते पाच वयाला दिवसाला जास्तीत जास्त १ तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जे सांगितलं त्यात पण २ ते ४ वयाला १ तासच आहे, आणि कमी असेल तर आणखी चांगलं असंही म्हटलंय. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना जरा सैल आहे, १८ महिन्यांनंतर थोडं काहीतरी चांगलं आईबाबांनी शेजारी बसून दाखवलं तर चालेल म्हणते. पण लक्षात घ्या १ तास ही वरची मर्यादा आहे, रेशनचा कोटा नाही की उचललाच पाहिजे. अडीच वर्षांच्या पोराला २०-२५ मिनिटं मला तरी भरपूर वाटतात.

हे एवढं कडक का, तर अगदी लहान मुलांना पडद्यावरचं आणि खरं जग यांचा मेळच नीट घालता येत नाही. १९९८ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, त्यात मुलांना शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना दाखवलं, काहींना खिडकीतून आणि काहींना टीव्हीवर, आणि मग सांगितलं जा शोधून आण. खिडकीतून बघितलेल्या दोन वर्षांच्या मुलांना ते बरोबर सापडलं, टीव्हीवर बघितलेली बहुतेक गोंधळून गेली, बघितलं तेच होतं तरी. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र जमलं. म्हणजे सहा महिन्यांत एवढा फरक पडतो, म्हणून उगाच घाई नको. आणि "हे बाळांसाठी शैक्षणिक आहे, मेंदूचा विकास होतो" असं लिहिलेले व्हिडिओ एक वर्षाच्या बाळाला दाखवणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं आहे, बाकी काही नाही.

व्हिडिओ कॉल वेगळा कारण समोरचा माणूस उत्तर देतो. अमेरिकेतला मामा "टोपी कुठंय?" म्हणाला आणि पोरानं टोपी दाखवली, मामा हसला, हे खरं बोलणंच झालं की. फक्त फोन आपण धरायचा, त्याच्या हातात दिला की मामा गेला आणि लाल बटण राहिलं.

एक आठवडा काही बदलू नका, नुसतं लिहून ठेवा

फ्रिजवर एक कागद लावा आणि घरात टीव्ही कधी चालू असतो ते लिहा. पोर बघत असताना असं नाही, चालू असताना. कारण बऱ्याच घरात पोर बघतं अर्धा तास आणि टीव्ही चालतो पाच तास. सकाळी बाबांच्या बातम्या, दुपारी मावशी येतात त्यांचं काहीतरी, संध्याकाळी सातपासून आजीच्या सिरीयल, आयपीएल असेल तर मग बघायलाच नको.

हा जो मागे चालू असलेला टीव्ही असतो ना, त्याच्याकडे कोणी लक्षच देत नाही, आणि मला विचाराल तर मुलांच्या कार्टूनपेक्षा जास्त त्रास याचाच. यावर अभ्यास झालेत आणि दोन गोष्टी दिसल्यात. एक म्हणजे खेळणारं मूल दर थोड्या वेळाने वर बघतं आणि खेळ मोडतो, एकाच खेळात रमण्याचा वेळ कमी होतो. दुसरं म्हणजे मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात. आपल्याला कळत पण नाही, पण कान सिरीयलकडे असला की "हो का, बरं, अच्छा" एवढंच तोंडातून निघतं. आणि या वयात भाषा येते ती माणसांच्या बोलण्यातून.

आता आजीचं काय करायचं. इथे बरीच घरं फिसकटतात म्हणून जरा सविस्तर सांगते. आजी-आजोबा दिवसभर पोर सांभाळतात, आपण दोघं हिंजवडीहून नाहीतर खराडीहून साडेसातला ट्रॅफिकमधून पिचून येतो आणि दारातूनच "आई टीव्ही बंद करा" सुरू करतो, हे बरोबर दिसत नाही आणि चालत पण नाही. पहिला नियम, आपापल्या आईशी आपापलं बोलायचं. सासूबाईंना सुनेने सांगायचं आणि मुलाने सोफ्यावर गप्प बसायचं असं नको. दुसरं म्हणजे नुसतं बंद करा म्हणू नका, सोय करून द्या. जवळजवळ सगळ्या सिरीयल दुसऱ्या दिवशी परत लागतात आणि अ‍ॅपवर पण असतात. तर दुपारी पोर झोपलं की निवांत बघा, एकदा दोनदा शेजारी बसून अ‍ॅप कसं लावायचं ते शिकवा, किंवा सातची सिरीयल आजीला सातलाच हवी असेल तर तेवढा वेळ पोराला कोणीतरी सोसायटीत खाली न्या. एखादी सिरीयल राहिलीच तर राहू दे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची करमणूक काढून घेऊन काही साधत नाही. मॅचचं तेच. बाबांनी स्कोअर फोनवर बघावा आणि शेवटच्या पाच ओव्हर पोर झोपल्यावर.

टीव्हीची जागा ठरवा

आता दिवसातली एक वेळ निवडा. कुठे नको ते आधी सांगते: सकाळी उठल्या उठल्या नको, जेवताना नको, झोपायच्या आधीचा तासभर नको. झोपेचं म्हणाल तर १ ते २ वयाला दिवसाची डुलकी धरून ११ ते १४ तास आणि ३-४ वयाला १० ते १३ तास झोप लागते, आणि रात्री नऊला कार्टून बघितलेलं पोर साडेदहापर्यंत गादीवर उड्या मारतं.

बरी वेळ म्हणजे दुपारची झोप होऊन, दूध-खाऊ होऊन, खाली खेळायला जायच्या आधी. किंवा तुम्ही नोकरी करत असाल तर संध्याकाळी कुकर लावायचा असतो ती वीस मिनिटं. लोक म्हणतील हे म्हणजे पोराला टीव्हीपुढे बसवून कामं उरकणं झालं. झालं तर झालं, ठरलेली वीस मिनिटं आहेत, ओट्यापाशी गरम कढई असताना पायात घुटमळणाऱ्या पोरापेक्षा हे सुरक्षित आहे. फक्त स्वयंपाकघरातून टीव्ही दिसेल, निदान ऐकू येईल असं बघा.

आणि टीव्हीनंतर काय ते पण ठरवून टाका, आणि ते काहीतरी त्याला आवडणारं असू दे. टीव्ही झाला की खाली जायचं. टीव्ही झाला की आंघोळीच्या टबात बदक. टीव्हीनंतर जर रोज "चल आता औषध" असेल तर कुठलं पोर उठेल?

रडतंय म्हणून टीव्ही, हे मात्र कधीच नाही. पडलं, लागलं, हट्ट केला, पाहुण्यांसमोर भोकाड पसरलं, त्या वेळी टीव्ही लावला की ते गप्प होतं हे खरं आहे आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. दोन-चार वेळात त्याला हिशोब कळतो की आवाज वाढवला की कार्टून लागतं. आणि चिडल्यावर स्वतःला शांत कसं करायचं हे शिकायची संधी पण जाते, ते कडेवर घेऊन, पाठीवर हात फिरवूनच शिकतं, वेळ लागतो.

सेटिंग, एकदाच बसून करून टाका

पोर झोपल्यावर अर्धा तास काढा. ऑटोप्ले, म्हणजे एक संपलं की पुढचं आपोआप लागतं ते, बंद करा, सगळ्यात आधी हेच, बाकी काही नाही केलं तरी चालेल. नेटफ्लिक्ससारख्या अ‍ॅपवर मुलांचं वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन टाका. यूट्यूब लावत असाल तर साधं नको, यूट्यूब किड्स लावा, त्यात सर्च बंद करता येतो, टायमर आहे, आणि आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी पण सोय आहे.

पण याहून सोपा माझा आवडता उपाय म्हणजे पेनड्राइव्ह. जुन्या पद्धतीचा वाटेल पण बघा, जे कायदेशीर डाउनलोड करता येतं किंवा तुम्ही स्वतः काढलेले व्हिडिओ, ट्रिपचे, आजोबा गोष्ट सांगतायत असे, ते पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावायचे. पाच-सहाच गोष्टी. संपलं की संपलं, पडदा काळा, वादच नाही. आजोबांची गोष्ट टीव्हीवर दिसली आणि आजोबा शेजारीच बसलेत याची पोरांना जी गंमत वाटते ती बघण्यासारखी असते.

फोन हातात देऊ नका, बघायचंच तर टीव्हीवर. मोठ्या पडद्यावर काय चाललंय ते घरात सगळ्यांना दिसतं, फोन घेऊन पोर पांघरुणात घुसलं की संपलं, आणि बोट फिरवत ते कुठून कुठे पोचेल सांगता येत नाही.

सेटिंग करताना अजून एक काम. काही छोट्या चपट्या रिमोटमध्ये नाण्यासारखा गोल सेल असतो. तो पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. असा रिमोट वर ठेवा, झाकण सैल असेल तर चिकटपट्टी लावा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता सरळ हॉस्पिटल. आणि टीव्ही टेबलावर नुसता उभा असेल तर भिंतीला बसवून घ्या, पोरं ड्रॉवर उघडून त्यावर चढतात.

काय लावायचं

हळू चालणारं. एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे. एक मिनिट स्वतः बघा आणि चित्र किती वेळा बदलतं ते बोटांवर मोजा, बोटं संपली तर ते नको. २०११ मध्ये एक प्रयोग झाला होता, चार वर्षांच्या मुलांना फक्त ९ मिनिटं एक फार वेगवान कार्टून दाखवलं आणि लगेच काही खेळ दिले ज्यात थांबायला लागतं, लक्षात ठेवायला लागतं. ती मुलं चित्र काढत बसलेल्या मुलांपेक्षा कमी पडली. हा परिणाम किती टिकतो ते त्या प्रयोगात बघितलेलं नाही त्यामुळे मेंदू खराब झाला वगैरे घाबरू नका, पण कार्टूननंतर पोर घरभर सैरावैरा का धावतं ते समजायला एवढं पुरे.

बाकी मग, एकच गोष्ट असावी, पात्रं एकमेकांशी नीट बोलत असावीत, मध्ये थोडा थांबा असावा. खेळण्यांचे खोके उघडून दाखवणारे व्हिडिओ अजिबात नको, ती जाहिरातच असते. तेच तेच परत बघायचंय म्हटलं तर बघू दे, मुलांना परत परत बघितल्यावरच जास्त कळतं, कंटाळा आपल्याला येतो.

आणि भाषा. पुण्यात हल्ली कितीतरी मराठी घरातली पोरं "मुझे नहीं चाहिए, मेरे पीछे आओ" असं कार्टूनच्या हिंदीत बोलतात, आजीला आधी कौतुक आणि मग काळजी. हिंदी आली म्हणून बिघडत काही नाही. पण ती वाक्यं तोंडपाठ असतात, बोलणं नसतं. मराठीत डब केलेलं, मराठी बडबडगीतांचं, चिऊ-काऊच्या गोष्टींचं बरंच मिळतं, अर्धं तरी ते ठेवा.

शेजारी बसा, पण मास्तर होऊ नका

रोज नाही जमणार, आठवड्यातून दोन-तीनदा तरी शेजारी बसा. "हा कुठला रंग? सांग, सांग ना" अशी परीक्षा घेऊ नका. "अरे हत्ती पडला बघ! लागलं असेल ना त्याला?" असं सहज बोला आणि थांबा, पोर काहीतरी म्हणेल. नाही म्हणालं तर नाही.

खरी मजा नंतर आहे. टीव्हीवरचं बाहेर दाखवा. हत्ती बघितला तर सुट्टीच्या दिवशी कात्रजचं प्राणीसंग्रहालय (बुधवारी बंद असतं, दारातून परत याल). आगगाडी बघितली तर कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम, छोट्या छोट्या गाड्या बघून पोरं तिथून हलत नाहीत. एवढं पण नको असेल तर बाल्कनीतून कावळा दाखवा.

बंद कसा करायचा

सगळ्यात जास्त रडारड इथे, आणि इथे एक उलटी गोष्ट आहे. आपण सगळे सांगतो ना "दोनच मिनिटं हं, मग बंद", २०१६ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी घराघरातल्या या भांडणांवर अभ्यास केला तर दिसलं की या दोन मिनिटांच्या इशाऱ्याने मुलं जास्तच चिडत होती. आणि जिथे कार्यक्रम आपणहून संपला किंवा टीव्ही बंद होणं हा रोजच्या क्रमाचाच भाग होता तिथे रडणं कमी. तसंही दोन वर्षांच्या पोराला दोन मिनिटं म्हणजे किती ते कुठे कळतं.

तर मिनिटांत बोलूच नका, गोष्टींत बोला. सुरू करतानाच सांगा, "आज दोन गोष्टी." पहिली संपली की "आता एक राहिली." दुसरी संपली की बंद, मधेच तोडायचं नाही, शेवटचं गाणं वाजू दे. बटण त्यालाच दाबू द्या, टीव्हीला टाटा करू द्या, आणि लगेच चप्पल हातात घेऊन दाराकडे. दोन गोष्टी मिळून वीस मिनिटं होतील अशाच निवडा म्हणजे झालं.

पहिले काही दिवस तरीही रडेल. जमिनीवर लोळेल, रिमोट फेकेल. तेव्हा भाषण नको, "टीव्ही झोपला" वगैरे खोटं पण नको, शेजारी बसा आणि "हो, अजून बघायचं होतं ना, राग आला" एवढंच. एकदा जरी कंटाळून परत लावला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ रडेल, कारण मिळतं हे त्याला कळलंय. घरातल्या सगळ्यांनी एकच सांगायला हवं, आजोबांनी हळूच लावून दिला तर सगळं पाण्यात.

जेवण आणि टीव्ही वेगळे करणं

ज्यांच्या घरी टीव्हीशिवाय घास जात नाही त्यांना माहितीये हे किती अवघड आहे. आई घाबरते की उपाशी राहील. पण टीव्हीकडे बघत तोंड उघडणाऱ्या पोराला पोट भरलं की नाही हेच कळत नाही, कोणी जास्त खातं, कोणी घास गालात धरून बसतं.

एकदम सगळं तोडू नका. आधी दुपारचा खाऊ टीव्हीशिवाय, आठवडाभर. मग सकाळचा नाश्ता. मग दुपारचं जेवण. रात्रीचं शेवटी, कारण तेव्हा सगळेच दमलेले असतात. आपल्याबरोबर खाली बसवा, त्याची छोटी ताटली, वरणभात स्वतःच्या हाताने कालवू द्या, अर्धा जमिनीवर सांडेल, जुनं वर्तमानपत्र पसरा. थोडं वाढा. वीस-पंचवीस मिनिटांत नाही खाल्लं तर ताट उचला, रागावू नका, पुढच्या वेळेला भूक लागेल. सुरुवातीला खाणं कमी होतंच. पण मूल आजारी असेल, वजन आधीच कमी असेल तर हे डॉक्टरांना विचारून करा.

सूट कधी

ताप, नेब्युलायझर, लांबचा प्रवास, घरात कोणी हॉस्पिटलमध्ये आहे, अशा वेळी बिनधास्त लावा. घाटात दोन तास अडकलेल्या गाडीत नियम कोण पाळतं. फक्त बरं झाल्यावर किंवा घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी जुन्या वेळेवर या, "अजून थोडा अशक्त आहे" म्हणत आठवडा निघून जातो.

जुलै-ऑगस्टचा पाऊस हा खरा कसोटीचा काळ, बाहेर जाता येत नाही आणि घरात पोर भिंतीवर चढतं. तेव्हा तुळशीबागेतली भातुकली काढा, नाहीतर खरीच पातेली, झाकणं आणि पळी द्या, आवाज सहन करा. मटार सोलायला द्या, कणकेचा गोळा द्या. पाऊस थोडा कमी झाला की गमबूट घालून पार्किंगमधल्या डबक्यात उड्या मारायला न्या, कपडे धुवायचेच असतात. या वयाला दिवसभरात मिळून तीनेक तास हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ती डबक्यात पटकन होते.

पाळणाघरात ठेवत असाल तर तिथे टीव्ही लावतात का, किती वेळ, हे सरळ विचारा, आणि एखाद्या दुपारी न सांगता लवकर आणायला जा. घरी वीस मिनिटं आणि तिकडे दोन तास असेल तर तुमच्या फ्रिजवरच्या कागदाला काही अर्थ नाही.

डॉक्टरांकडे कधी

दीड वर्ष होत आलं तरी अर्थाचा एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे" सारखे दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, बोलत होतं ते बंद झालं, असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान पण तपासून घ्या. नातेवाईक म्हणतील टीव्हीमुळे झालंय, दुसरे म्हणतील याचे बाबा पण उशिरा बोलले. दोघांचंही ऐकून घ्या आणि अपॉइंटमेंट घ्या. टीव्ही बंद करून बघू काही फरक पडतो का म्हणत सहा महिने घालवू नका, टीव्ही कमी करायचा तो करा, पण तपासणी त्याच आठवड्यात.